रक्त देण्याआधी वही उघडा: जनुकीय आजारावरच्या संशोधनात उतरणाऱ्या गोव्यातल्या कुटुंबांसाठी

माझ्या मुलाला डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी (डीएमडी) आहे, म्हणजे स्नायू हळूहळू कमजोर करत नेणारा जनुकीय आजार. निदान झालं तेव्हा तो सहा वर्षांचा होता, आता पंधरावं लागलंय. या काळात आम्ही तीन संशोधनांत भाग घेतला. पहिल्यातून हाती काहीच आलं नाही. दुसऱ्यातून एक कागद आला. तिसऱ्यात मात्र प्रश्नच आमच्या घरातून गेला होता, त्यामुळे उत्तरही घरापर्यंत आलं.

बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजच्या ओपीडीबाहेरच्या बाकावर मुलाचा रिपोर्ट मांडीवर घेऊन बसलेल्या आईबापांसाठी हे लिहितेय. उदाहरणं आमच्या आजाराची आहेत, पण थॅलेसेमिया असो, एसएमए (स्पायनल मस्क्युलर अॅट्रॉफी) असो की एखादा नावही धड न उच्चारता येणारा आजार असो, पायऱ्या साधारण याच.

एक गोष्ट आधीच वेगळी काढून ठेवा. उपचार वेगळे, संशोधन वेगळं. उपचारांच्या पैशांची वाट २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणातून जाते. त्यात बसणाऱ्या आजारांना ५० लाखांपर्यंतची मदत ठरलेल्या उत्कृष्टता केंद्रांमार्फत मिळते. आपल्याला सोयीची त्यातली दोन म्हणजे परळचं केईएम आणि बेंगळुरूचं सेंटर फॉर ह्युमन जेनेटिक्स. तिथली नोंदणी करायची असेल तर आधी करून घ्या. संशोधनातून तुमच्या मुलाला औषध मिळेलच असं नाही, बहुतेक वेळा मिळत नाहीच. हे मनाशी नीट बसल्याशिवाय पुढची पायरी चढू नका.

फाइलमध्ये काय हवं

- जनुकीय तपासणीचा पूर्ण रिपोर्ट, सगळी पानं (डॉक्टर फक्त शेवटचं पान बघतात, संशोधक पहिलं बघतात)
- सगळे केस पेपर आणि डिस्चार्ज कार्डं, तारखेप्रमाणे लावलेली
- सीपीके (स्नायूंची झीज दाखवणारी रक्ततपासणी), ईको (हृदयाची सोनोग्राफी), फुप्फुसांची तपासणी, म्हणजे तुमच्या आजाराला जे लागू असेल ते
- हातानं काढलेली वंशावळ
- रोजनिशीची वही
- यूडीआयडी (अपंगत्वाचं ओळखपत्र) कार्ड, आधार, जन्मदाखला यांच्या झेरॉक्स
- सही केलेल्या प्रत्येक संमतीपत्राची प्रत. ही नसेल तर पायरी ६ दोनदा वाचा.

मूळ कागद कुणालाही देऊ नका. "उद्या परत देतो" म्हणणारा माणूस चांगला असतो, पण त्याची बदली होते.

१. आजाराचं नाव पुरत नाही, बदलाचं नाव हवं

"डीएमडी आहे" एवढ्यावर संशोधकाला काही करता येत नाही. या आजारात बिघडतं ते डिस्ट्रॉफिन हे माणसाच्या शरीरातल्या सर्वांत मोठ्या जनुकांपैकी एक आहे. त्याचे ७९ तुकडे असतात, त्यांना एक्झॉन म्हणतात. कुठला तुकडा गळालाय, कुठला दोनदा आलाय की एकच अक्षर चुकलंय, यावर पुढचं सगळं ठरतं. माझ्या मुलाचे ४५ ते ५० हे एक्झॉन नाहीत. त्यामुळे ५१ वा एक्झॉन वगळणाऱ्या औषधांच्या चाचण्या त्याला कागदावर तरी लागू पडतात. डुशेनच्या साधारण १०० मुलांतली १३ मुलंच या गटात बसतात. शेजारच्या बाकावरच्या मुलाला तेच औषध निरुपयोगी असू शकतं.

आधी सहसा एमएलपीए ही तपासणी होते, तुकडे गळालेत की जास्त आलेत हे बघणारी. तिच्यात काही सापडलं नाही म्हणजे आजार नाही असं नव्हे, पुढे सिक्वेन्सिंग, म्हणजे जनुकाचं अक्षर न् अक्षर वाचणं, करावं लागतं. रिपोर्टवर "व्हीयूएस" लिहिलं असेल तर बदल सापडला, पण त्याचा अर्थ अजून लागलेला नाही, एवढंच समजायचं. नातेवाईक त्याला निदान समजून रडायला लागतात. रडू नका आणि हुरळूही नका. आईवडिलांची तपासणी केली की कधी कधी उलगडा होतो. कधी तीच माहिती दोनतीन वर्षांनी पुन्हा तपासली की होतो, कारण मधल्या काळात जगभरातून नवी माहिती जमा झालेली असते.

म्हणून लॅबकडे सिक्वेन्सिंगचा रॉ डेटा, म्हणजे रिपोर्टमागची कच्ची माहिती, मागा. त्या फाइलींना बीएएम आणि व्हीसीएफ म्हणतात. पेनड्राइव्ह घेऊन जा. आपणहून कुणी देत नाही, लेखी मागितल्यावर आम्हाला मिळाल्या.

२. वंशावळ माहेरच्या बाजूने काढा

आपल्याकडे वंशावळ म्हटलं की बाप, आजा, पणजा, कुळावी आणि देवस्थानातले महाजन. हा आजार मात्र एक्स गुणसूत्रावरून येतो, म्हणजे आईकडून. आणि बायकांची नोंद ठेवायची आपल्याला सवयच नाही. त्यात लग्नानंतर आडनाव बदलतं, जुन्या काळी तर नावही बदलायचे. माझ्या आईची एक मावशी माहेरी शांता आणि सासरी सुमती. दोन वेगळ्या बायका समजून मी तिला वंशावळीत दोनदा काढून बसले होते.

माझी आजी सांगायची, माझा थोरला मामा पोलिओनं गेला, सतराव्या वर्षी. पोलिओ एका तापात पाय घेऊन जातो. मामा मात्र सहाव्या वर्षापासून धडपडायला लागला आणि मग हळूहळू बसत गेला. हे आजीला नीट आठवत होतं, पण तिला कुणी विचारलंच नव्हतं. मामाचा जन्म आणि मृत्यू दोन्ही १९६१ च्या आधीचे, त्यामुळे नोंदी पोर्तुगीजमध्ये. नोंदणी कार्यालयातून उतारे काढले आणि पोर्तुगीज येणाऱ्या ओळखीच्या एका वयस्कर भाटकारांकडून वाचून घेतले. वय जुळलं. संशोधकांच्या दृष्टीनं माझ्या सगळ्या फाइलीत तो एक उतारा सर्वांत मोलाचा ठरला.

पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, आजारी असेल तर आतून काळं, वारलेला असेल तर तिरकी रेघ. प्रत्येक बाईच्या वर्तुळाखाली माहेरचं आणि सासरचं अशी दोन्ही नावं लिहा. गर्भपात आणि तान्हेपणी गेलेली मुलंही. हे विचारायला दुपारची वेळ बरी, म्हातारी माणसं एकटी सापडतात. मधे सून आली की विषय बंद होतो.

सासरच्या मंडळींसाठी एक वाक्य: सुमारे एक तृतीयांश मुलांत हा बदल नव्यानंच घडलेला असतो, आईकडून आलेला नसतो. "तुमच्या घराण्यातलं दुखणं आमच्याकडे आणलं" हे ऐकावं लागलंच तर एवढं पुरतं.

३. वही

माझ्याकडे संशोधकाला देण्यासारखं काय आहे, असं वाटायचं. रक्त आहे, एवढंच. पण डॉक्टर मुलाला सहा महिन्यांतून पंधरा मिनिटं बघतो, आपण रोज बघतो. फक्त ते लिहून ठेवत नाही.

चवथीला माटोळीखाली पूजेला बसलेला माझा मुलगा २०१८ साली मांडीवर हात टेकत टेकत सात सेकंदांत उठला होता. हे मला माहीत आहे, कारण भावाने आरतीचा व्हिडिओ काढला होता. पुढच्या चवथीला चौदा सेकंद लागले. २०२० ला उठवावं लागलं. जमिनीवरून उठायला लागणारा वेळ ही डुशेनच्या अभ्यासात खरोखरच वापरली जाणारी मोजणी आहे. आम्ही ती नकळत करत होतो.

वहीत काय लिहायचं, तर तारीख, वजन, औषधाची मात्रा (स्टेरॉईड बदललं तर का बदललं तेही), किती वेळा पडला, हाड मोडलं का, जिना चढायला किती वेळ, रात्री किती वेळा कुशीवर वळवावं लागलं. आठवड्यातून एकदा लिहिलं तरी चालेल. दर तीन महिन्यांनी त्याच जागी, त्याच बाजूने, त्याच फरशीवर मोबाइलवर व्हिडिओ घ्या. मत लिहू नका. "आज बरा होता" याचा उपयोग शून्य. "देवळाच्या सात पायऱ्या कठड्याला धरून चढला, मधे एकदा थांबला" याचा उपयोग आहे.

४. आपला प्रश्न ठरवा

"औषध कधी निघेल?" हा प्रश्न सगळ्यांचाच, त्यामुळे कुणाचाच नाही. तुमच्या घरात रोज अडणारी, पण कुणी न मोजलेली एक गोष्ट शोधा.

डुशेनच्या औषधांच्या चाचण्यांत बरीच वर्षं सहा मिनिटांत मूल किती चालतं हेच मुख्य माप होतं. याचा अर्थ व्हीलचेअरवर बसलेली मुलं मोजणीतून बाहेर. पण बसलेल्या मुलाच्या आईला विचारा, तिला हाताची काळजी असते. स्वतःच्या हातानं घास तोंडात जाईल का, ही. हे लोकांनी लावून धरलं म्हणून खांदा, कोपर आणि बोटं मोजणारं पीयूएल नावाचं माप आलं. अमेरिकेत पालकांच्या संघटनेनं २०१४ मध्ये डुशेनच्या औषधचाचण्या कशा असाव्यात याचा मसुदाच तिथल्या औषध नियामकाला लिहून दिला होता. 

आमचा प्रश्न साधा होता. सकाळी पेज चमच्यानं स्वतः खाणारा मुलगा शाळेतून आल्यावर पेला का उचलू शकत नाही? वर्गातल्या बाकाच्या उंचीचा संबंध आहे का? फिजिओथेरपीच्या एका संशोधिकेला हा प्रश्न आवडला. तिसरं संशोधन ते. बाक साडेचार इंच खाली घेतला आणि संध्याकाळचा पेला परत आला. सगळ्याच मुलांना याचा उपयोग होईल असा दावा तिनं केला नाही, मीही करत नाही.

५. माणूस शोधा, मग पत्र लिहा

पबमेड या वैद्यकीय निबंधांच्या वेबसाइटवर आजाराचं नाव आणि "इंडिया" घालून शोधा, फुकट आहे. निबंधावरचं शेवटचं नाव बहुतेक वेळा प्रयोगशाळेच्या प्रमुखाचं असतं, पहिलं नाव राबणाऱ्या विद्यार्थ्याचं. औषधांच्या चाचण्या सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत शोधा. जून २००९ पासून भारतातली चाचणी तिथे नोंदवणं बंधनकारक आहे. नोंद सापडली नाही तर पाऊल मागे घ्या. दुर्मीळ आजारांच्या जनुकीय उलगड्यावर दिल्लीची आयजीआयबी ही सरकारी संशोधन संस्था देशभरच्या डॉक्टरांबरोबर काम करते, पण तिथे आपल्या डॉक्टरांमार्फत जाणं सोपं पडतं.

ईमेल इंग्रजीतच लिहा, मोडकं असलं तरी चालतं. पाच ओळी पुरेत: मूल किती वर्षांचं, नेमका जनुकीय बदल कोणता, किती वर्षांच्या नोंदी आणि व्हिडिओ आहेत, तुमचा प्रश्न काय, त्यांचा कुठला निबंध वाचून लिहिताय. मुलाचा फोटो नको, रिपोर्ट जोडू नका, "आमचे देव तुम्हीच" तर अजिबात नको. तीन आठवडे थांबा, मग एकदाच आठवण करा. मी अकरा जणांना लिहिलं, चौघांनी उत्तर दिलं.

६. संमतीपत्र: इथे घाई केलीत तर पुढची सगळी वर्षं वाया

आमचं पहिलं संशोधन. एका मोठ्या शहरातली मोठी संस्था. पीएचडी करणारा एक गोड मुलगा घरी आला, आमच्याकडे जेवला, चौघांचं रक्त घेऊन गेला. मी सही केली, प्रत मागितली नाही. दीड वर्षानं फोन केला तर त्याचा नंबर बंद. संस्थेत कळलं की त्याची पीएचडी झाली, तो परदेशी गेला. नमुने? "बघून सांगतो." अजून बघताहेत. माझ्याकडे अभ्यासाचं नावही नव्हतं, भांडायचं कशावर?

२०१७ च्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) नैतिक मार्गदर्शक तत्त्वांनुसार माहितीपत्रक आणि संमतीपत्र तुम्हाला समजेल अशा भाषेत मिळायला हवं. मराठी मागा, कोंकणी हवं तर कोंकणी मागा. घरी न्या, रात्री वाचा. सही करण्याआधी या प्रश्नांची उत्तरं कागदावर आहेत का बघा:

- मुख्य संशोधक कोण? नैतिकता समितीचा संपर्क काय? (विद्यार्थ्याचा मोबाइल नंबर म्हणजे संपर्क नव्हे)
- नमुना या एकाच अभ्यासासाठी, की पुढच्या कुठल्याही? पर्याय दिले असतील तर एकेक वाचून खूण करा, सगळ्यांवर बरोबर मारू नका.
- निष्कर्ष आम्हाला कळवणार का, कधी, कोण समजावून सांगणार?
- शोधताना दुसराच एखादा आजार दिसला तर सांगणार का? तुम्हाला ऐकायचंय का?
- नमुना किंवा माहिती देशाबाहेर जाणार का? कुठल्या परवानगीनं?
- बाहेर पडायचं ठरवलं तर नमुन्याचं काय?
- यातून तपासणी किंवा औषध निघालं तर कुटुंबांना काय?

शेवटचा प्रश्न विचारताना लाज वाटते. म्हणून दोन खऱ्या गोष्टी सांगते. अमेरिकेत कॅनव्हान नावाच्या आजाराच्या कुटुंबांनी मुलांचे नमुने दिले, पैसे उभे केले, इतर कुटुंबं शोधून दिली. जनुक सापडलं, १९९७ मध्ये त्याचं पेटंट निघालं आणि तपासणीसाठी पैसे आकारले जाऊ लागले. कुटुंबं कोर्टात गेली. २००३ मध्ये न्यायालयानं सांगितलं की दिलेल्या नमुन्यांवर त्यांचा मालकीहक्क उरत नाही. दुसरी गोष्ट शॅरन टेरी या आईची. १९९४ मध्ये तिच्या दोन्ही मुलांना पीएक्सई, म्हणजे त्वचा आणि डोळ्यांवर परिणाम करणारा जनुकीय आजार, असल्याचं कळलं. काही दिवसांच्या अंतराने दोन वेगळी पथकं त्याच रक्तासाठी दारात आली, एकमेकांशी वाटून घ्यायला तयार नाहीत. तिनं आणि नवऱ्यानं कुटुंबांची संघटना काढली, नमुने स्वतःच्या ताब्यात जमवले आणि ज्याला हवेत त्यानं आमच्या अटींवर घ्यावेत असं ठरवलं. २००० मध्ये जनुक सापडलं, पेटंटवर तिचंही नाव आहे.

दोन्हीकडे कुटुंबं तितकीच शहाणी होती. एकीकडे कागद आधी होता.

पैशांचं थोडक्यात: संशोधनात भाग घ्यायला तुम्ही पैसे द्यायचे नसतात. उलट प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी मागता येते. मांडवी एक्स्प्रेसची तिकिटं मी जपून ठेवते. औषधचाचणीत इजा झाली तर वैद्यकीय उपचार आणि भरपाईची तरतूद २०१९ च्या नियमांत आहे.

आणि कुणी "स्टेम सेलनं स्नायू परत येतात, पाच लाख" म्हणालं तर उठा. मान्यताप्राप्त चाचणीबाहेर अशा आजारांसाठी स्टेम सेल देणं आयसीएमआरच्या तत्त्वांत बसत नाही, आणि चाचणीत असेल तर पैसे घेता येत नाहीत. आमच्या ओळखीच्या एका घरानं काजूची बाग विकली.

७. मुलाला विचारा

सात ते बारा वर्षांच्या मुलाची तोंडी आणि बारा ते अठराच्या मुलाची लेखी सहमती लागते, आईबापांची संमती लागतेच, ही तिच्या जोडीला वेगळी. बऱ्याच ठिकाणी हे उरकलं जातं: "बेटा, चालेल ना?" दुसऱ्या संशोधनाच्या वेळी माझा मुलगा दहाचा होता. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "टोचून काय कळणार ते सांगा, मग टोचा." डॉक्टर खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसले आणि वीस मिनिटं चित्रं काढून समजावत राहिले. त्याने एका हातातूनच रक्त घेऊ दिलं, स्नायूचा तुकडा नाही. चालला तो नकार. चालायलाच हवा.

माझ्या धाकट्या मुलीचंही रक्त त्यांना हवं होतं, वाहक (स्वतः आजारी नसली तरी पुढे मुलांना हा बदल देऊ शकणारी) आहे का बघायला. ती तेव्हा सात वर्षांची. मी नाही म्हटलं. ती अठराची झाल्यावर तिचं ती ठरवेल. लहान मुलींची वाहक तपासणी त्या मोठ्या होईपर्यंत लांबवावी, असं जनुकतज्ज्ञही सांगतात. उद्या तिच्या सोयरिकीच्या वेळी माझ्या हातात असा कागद असावा, ज्याबद्दल तिला कुणी विचारलंच नव्हतं, हे मला नको होतं.

८. लहान राज्यात नाव झाकणं

संशोधक म्हणतील, "आम्ही नाव काढून टाकू." मुंबईत ते पुरत असेल. आपलं राज्य २०११ च्या जनगणनेत साडेचौदा लाखांचं, आणि हा आजार साधारण पाच हजार मुलग्यांत एकाला. "सत्तरी तालुका, वय १२, डुशेन, मामालाही होता" एवढं छापलं की वाळपईच्या बाजारात नाव काढायला दोन मिनिटं पुरतात.

म्हणून लेखी मागा: गावाऐवजी "पश्चिम भारत", नेमक्या वयाऐवजी वयोगट, वंशावळीत अनावश्यक घरं गाळलेली, चेहरा दिसेल असा व्हिडिओ परिषदेत दाखवायचा तर वेगळी परवानगी. छापण्याआधी मसुदा बघायला मागा. आम्ही मागितला तेव्हा त्यांना नवल वाटलं, पण दिला. त्यात मामाच्या मृत्यूचं साल आणि गाव दोन्ही होतं. गाव काढायला लावलं.

व्हॉट्सअॅप ग्रुपवर रिपोर्ट टाकू नका. इतर कुटुंबांना भेटा मात्र जरूर. एका घराला संशोधक हो-नाही कळवतो, सात घरांनी मिळून लिहिलं तर तो गाडी घेऊन येतो. आम्ही फोंड्याला एका घराच्या सोप्यावर जमतो, व्हीलचेअर सरळ आत जाते म्हणून तेच घर.

९. दिल्यानंतर

नमुना दिला त्या दिवशी वहीत लिहा: अभ्यासाचं नाव, नमुन्याचा क्रमांक, किती मिली, कुणी घेतला, सहीच्या प्रतीचा फोटो. ईमेल विद्यार्थ्याला पाठवलीत तरी प्रत मुख्य संशोधकाला आणि विभागाला ठेवा. वर्षातून एकदा विचारा.

मी फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवशी विचारते, तो दुर्मीळ आजार दिन असतो, त्यामुळे विसरत नाही. दोन ईमेल, दोन-दोन ओळी: जुनी माहिती पुन्हा तपासली का, नमुना कुठे आहे. यंदा एकीकडून उत्तर आलं की नवीन काही नाही, नमुना उणे ८० अंशांवर ठेवलेला आहे. प्रिंट काढून वहीत चिकटवलं. मुलानं वाचलं आणि विचारलं, "माझं रक्त माझ्यापेक्षा थंड जागी राहतं का?" पंखा त्याच्याकडे वळवून दिला.